रोजच्या गोळीआधी

(प्रस्तावना)

कॅन्सर म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर सलाईन, केस गेलेलं डोकं आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक येतात. हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या आजारपणात यातलं फारसं काही दिसत नाही. त्यांचा उपचार म्हणजे जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यायची एक गोळी. ती घेऊन माणूस शेतावर जातो, लोकल पकडतो, मुलांचे डबे भरतो. शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. गोळीचं नाव इमॅटिनिब आणि आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही त्याला ‘सीएमएल’च म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरला आहे.

सलाईनमधून औषध दिलं जातं तेव्हा त्यावर किती जणांची नजर असते, ते आठवून पाहा. डॉक्टर डोस लिहितात, फार्मसीत तो पुन्हा तपासला जातो, सिस्टर नाव आणि केसपेपरचा नंबर विचारतात, सुई लावतात, मधूनमधून येऊन बघून जातात. अंगाला नुसती खाज सुटली तरी सांगायला कोणीतरी जवळ असतं. गोळीच्या बाबतीत हा सगळा बंदोबस्त ओपीडीच्या दारापाशी संपतो. पुढचे तीन महिने डोस मोजणं, वेळ पाळणं, दुष्परिणाम ओळखणं, दुसऱ्या कुठल्या औषधाशी हिचं पटत नाही ते ध्यानात ठेवणं, ही कामं रुग्णाच्या आणि घरच्यांच्या अंगावर येतात. ती त्यांना शिकवायला मात्र कोणाला सवड नसते. मोजक्या मिनिटांत रिपोर्ट बघायचे, पुढच्या तपासण्या लिहायच्या, योजनेच्या कागदांवर सही करायची. गोळीसाठी उरतात दोन वाक्यं: ‘रोज घ्या. चुकवू नका.’ चूक काहीच नाही त्यात, पण एवढ्यानं भागतही नाही. राहिलेलं सगळं सांगण्यासाठी ओपीडीतल्या डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आणि काही जुन्या रुग्णांनी मिळून हे पुस्तक तयार केलं आहे.

आधी आजाराविषयी थोडं, कारण तो समजला की गोळीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघा संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते का आखूड आहे हे कळायला 1973 उजाडलं. शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी दाखवून दिलं की 22 क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तर 9 क्रमांकाच्या गुणसूत्राशी त्याची अदलाबदल झाली आहे. जगभर 22 सप्टेंबरला सीएमएल दिन पाळतात, तो या 9 आणि 22 च्या जोडीमुळे. या अदलाबदलीतून दोन वेगळ्या जनुकांची टोकं चिकटतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं नवं जनुक तयार होतं. त्यातून निघणारं प्रथिन अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवण्याचा हुकूम देत राहतं आणि तो हुकूम थांबतच नाही. सोसायटीच्या पाण्याची मोटार बंद करायला वॉचमन विसरावा आणि गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत राहावी, तसा हा प्रकार. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर जातात, पानथरी वाढून डावीकडे पोट जड लागतं, वजन उतरतं, रात्री घाम येतो.

इमॅटिनिब त्या मोटारीचं बटण दाबून धरतं. बिघडलेली वायरिंग ते बदलत नाही. म्हणजे बटणावरचं बोट उचललं की मोटार पुन्हा सुरू होऊ शकते, आणि म्हणूनच गोळी रोज घ्यावी लागते. ताप उतरला की गोळ्या बंद करायची आपल्याला सवय असते, ती इथे चालत नाही. रक्तातल्या पेशींचा काउंट नॉर्मल आला, हा आजार बरा झाल्याचा दाखला नव्हे. गोळी काम करते आहे, एवढंच तो सांगतो.

या औषधामागे मोठी कथा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटानं हे रसायन तयार केलं आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी सीएमएलसाठी त्याचा पाठपुरावा केला. जून 1998 मध्ये रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. जुन्या उपचारांनी हात टेकलेल्या, पण आजाराच्या पहिल्या टप्प्यात असलेल्या 54 रुग्णांना 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस दिला गेला, आणि 53 जणांचे काउंट ताळ्यावर आले. 10 मे 2001 रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तोवर सीएमएलचं निदान झालं की अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झालेल्या बहुतेकांच्या हाती थोडीच वर्षं असत. नव्यानं निदान झालेल्या 1106 रुग्णांवरच्या ‘आयरिस’ चाचणीत, ज्यांना सुरुवातीपासून इमॅटिनिब दिलं गेलं, त्यांच्यापैकी सुमारे 83 टक्के लोक दहा वर्षांनंतरही हयात होते.

आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात जाई. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. मूळ कंपनीनं औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितलं. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं 2006 मध्ये अर्ज फेटाळला आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठानं तो निकाल कायम केला. त्याआधीपासून मूळ कंपनीच्या साहाय्य योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना गोळी फुकटही मिळत होती. आज स्वस्त गोळ्या आहेत, सरकारी योजना आहेत. किमतीचा डोंगर बराच खचला. मात्र गोळी हातात आल्यावर ती नीट कशी घ्यायची, हा प्रश्न कुठलंही न्यायालय सोडवू शकत नाही.

‘टार्गेटेड’ म्हणजे नेमका शत्रूवर मारा, बाकी अंगाला धक्का नाही, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलला रोखतं, तसंच त्याच्या एक-दोन सख्ख्या भावंडांनाही रोखतं. त्यांपैकी एक त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत आणि आतड्यांत काम करतं, दुसरं रक्तवाहिन्यांच्या आसपास पाण्याचा समतोल राखायला मदत करतं. त्यामुळे या गोळीचे दुष्परिणाम मनमानी नसतात. ते कुठे आणि का दिसणार, याचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधता येतो म्हणून उपायही करता येतो. केस जातील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो म्हणून इथेच सांगून टाकतो: सहसा जात नाहीत.

सर्वांत जास्त दिसते ती डोळ्यांभोवतीची सूज. सकाळी आरशात बघावं तर पापण्या फुगलेल्या. घरात नवी सून असेल तर सासूबाई विचारतात, ‘रात्री रडलीस का गं?’ दुपारपर्यंत सूज उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पापड, लोणचं, फरसाण, वरून घेतलेलं मीठ कमी केलं, उशी थोडी उंच घेतली, तर बऱ्याच जणांचं भागतं. नाहीतर डॉक्टर लघवी जास्त होण्याची गोळी देतात. ती स्वतःच्या मनानं आणून घ्यायची नाही, कारण तिनं पोटॅशियम उतरू शकतं. डोळ्यांची सूज दिसायला वाईट पण बहुधा निरुपद्रवी असते. पायांवर मोठी सूज, आठवड्याभरात दोन-तीन किलो वाढलेलं वजन, आडवं पडल्यावर लागणारी धाप, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती पाणी साठल्याची शंका घ्यावी लागते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करून लिहून ठेवा, असं पुस्तकात वारंवार सांगितलं आहे ते यासाठी.

दुसरी तक्रार पायांत गोळे येण्याची, म्हणजेच वांब येण्याची. मध्यरात्री पोटरी दगडासारखी होते आणि माणूस ओरडत उठतो. पाय ताणून धरणं, शेक, पाणी भरपूर पिणं यांनी आराम पडतो. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट तपासून कमी असेल ते भरून काढता येतं. तिसरी तक्रार मळमळ आणि जुलाबांची, आणि तिच्यावरचा अर्धा इलाज गोळी घेण्याच्या पद्धतीतच आहे. इमॅटिनिब दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर, मोठा पेला भरून पाण्यासोबत घ्यायचं आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. ‘सकाळी चहाबरोबर घेतो, मग उलटी होते,’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणांची उलटी वेळ बदलून दुपारच्या जेवणानंतर गोळी घेतल्यावर थांबते. गोळी घेतल्यावर उलटी झालीच, तर लगेच दुसरी घेऊ नये. पहिली किती पोटात राहिली हे कळत नाही. पुढची गोळी ठरल्या वेळी घ्यावी आणि असं वारंवार होत असेल तर सांगावं.

त्वचेचा रंग उजळणं हा दुष्परिणाम आपल्या समाजात विशेष गुंतागुंतीचा आहे. सावळ्या माणसाचा चेहरा काही महिन्यांत उजळतो. आधी कौतुक होतं, ‘गोरी झालीस, क्रीम कुठलं लावतेस?’ मग रंग कुठे कमी, कुठे जास्त दिसू लागला की त्याच तोंडातून दबक्या आवाजात ‘कोड तर नाही ना?’ असं येतं. लग्नाच्या वयातल्या मुलीला आणि तिच्या आईला यानं जे ग्रासतं, ते रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये उमटत नाही. हे कोड नव्हे. रंग देणाऱ्या पेशी औषधामुळे मंदावतात, आणि डोस कमी झाला किंवा औषध थांबलं की रंग बहुधा परत येतो. उन्हात टोपी, छत्री, ओढणी, सनस्क्रीन वापरावं. मात्र केवळ रंगासाठी कोणी गुपचूप गोळी सोडली, तर सौदा फार महागात पडतो.

याशिवाय काही दुष्परिणाम अंगाला जाणवतच नाहीत, आणि लक्ष ठेवायला हवं ते त्यांच्यावर. सुरुवातीच्या महिन्यांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट गरजेपेक्षा खाली घसरू शकतात. म्हणून पहिला महिनाभर दर आठवड्याला, दुसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी आणि मग ठरावीक अंतरानं सीबीसी, म्हणजे पेशी मोजणारी रक्ततपासणी, करतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 1000 च्या खाली किंवा प्लेटलेट 50 हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात, आणि आकडे 1500 व 75 हजारांवर आले की पुन्हा सुरू करतात. यकृताच्या तपासणीलाही अशाच मर्यादा आहेत. उपचार सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करतात, कारण अंगात दडून बसलेला तो विषाणू या औषधाच्या काळात उसळल्याच्या नोंदी आहेत. 100.4 अंशांवरचा ताप, काळी शी, डोळे पिवळे होणं, तोंडात फोड किंवा अंगावर सालटी निघणारं पुरळ, असह्य पोटदुखी, अचानक तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ही यादी पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत छापली आहे.

या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आता मांडतो. दुष्परिणाम झाला की आपल्याकडचा रुग्ण दोनपैकी एक वाट धरतो: एक तर मुकाट सोसतो, नाहीतर मुकाट गोळी बंद करतो. दोन्ही वाटांत मुकाटपणा सारखाच आहे आणि खरा धोका त्यात आहे. सोसणाऱ्याची कारणं ऐकली की गलबलतं. ‘जीव वाचवणाऱ्या औषधाची तक्रार काय करायची?’ ‘फुकट मिळतंय, त्यात नखरे कसले?’ ‘डॉक्टर म्हणतील, बाकीचे घेतात ना!’ बंद करणाऱ्याची कारणं साधी असतात. पुतणीचं लग्न आहे, फोटोत डोळे सुजलेले नकोत, म्हणून चार दिवस सुट्टी. पंढरीची वारी आहे, वाटेत जुलाब झाले तर कुठे जायचं, म्हणून आठवडाभर सुट्टी. परत आल्यावर काउंट चांगलाच असतो, त्यामुळे हिंमत वाढते.

काउंट मात्र उशिरा बोलतो. आजाराची खरी मोजदाद पीसीआर ही रक्ततपासणी करते. बीसीआर-एबीएल तिसऱ्या महिन्याला 10 टक्क्यांवर, सहाव्या महिन्याला 1 टक्क्यावर आणि वर्षाअखेर 0.1 टक्क्यावर यावं, अशी अपेक्षा असते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 87 रुग्णांच्या डब्यांना, झाकण कधी उघडलं याची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक टोपणं बसवली गेली. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांनी 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात 0.1 टक्क्याची पातळी गाठण्याची सहा वर्षांतली शक्यता 94.5 टक्के निघाली. 90 टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती होती 28.4 टक्के. हिशेब मांडा: तीस दिवसांत तीन गोळ्या चुकल्या की माणूस 90 टक्क्यांवर येतो. त्याच रुग्णालयाच्या संशोधकांनी पुढे रुग्णांशी बोलून कारणं विचारली. काही जण विसरत होते, तर काही दुष्परिणाम टाळायला मुद्दाम वगळत होते. म्हणजे दुष्परिणामांवर वेळीच इलाज करणं ही लाडाची बाब नव्हे. तो कॅन्सरच्याच उपचाराचा भाग आहे. सांगितलंत तर डोस कमी करणं, वेळ बदलणं, जोडीला दुसरं औषध देणं, दुसऱ्या पिढीच्या गोळीवर जाणं, असे अनेक मार्ग डॉक्टरांच्या हातात असतात. न सांगितल्यास त्यांना फक्त वर चढलेला पीसीआर दिसतो, आणि औषध निकामी झालं असं समजून ते अधिक जड उपचाराकडे वळू शकतात.

आता इतर औषधांबद्दल. मेडिकलच्या काउंटरवर रोज घडणारा प्रसंग घ्या. ‘खोकला जात नाही हो, काहीतरी स्ट्राँग द्या.’ दुकानदार अँटिबायोटिकची स्ट्रिप कापून देतो. ते क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर इमॅटिनिबचं यकृतातलं विघटन मंदावतं आणि तेवढ्याच डोसमध्ये रक्तातली पातळी वाढते. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामेझेपिन ही औषधं उलटं करतात. ती इमॅटिनिब इतक्या झपाट्यानं संपवतात की रोज गोळी घेऊनही उपयोग उरत नाही. टीबी आपल्याकडे घरोघरी भेटतो, त्यामुळे हा मुद्दा इथे जरा जास्तच महत्त्वाचा. टीबीचं निदान झालं तर दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं व्हायलाच हवं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन, सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या, मोठ्या डोसमधलं पॅरासिटामॉल, हीसुद्धा विचारल्याशिवाय नकोत. फळांमध्ये ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे. आपलं पपनस त्याच कुळातलं, तेव्हा त्यापासूनही लांब राहिलेलं बरं. ‘आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो,’ या भरवशावर घेतलेल्या काढ्यांचं काय? गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला आणि त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण ज्याच्या यकृताची दर महिन्याला तपासणी चालली आहे, त्यानं कुठलाही काढा, भस्म किंवा चूर्ण डॉक्टरांपासून लपवून घेऊ नये, एवढं निर्विवाद आहे.

उपवासांसाठी वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण परदेशी पत्रकांत त्याचं उत्तर सापडत नाही. संकष्टीला, एकादशीला, नवरात्रात अनेक जण उपाशीपोटी गोळी घेतात, मळमळलं की उपवासाला दोष न देता गोळीला देतात. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हेही जेवणच आहे, त्याबरोबर गोळी घ्यावी. संकष्टीला चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर, रमजानमध्ये इफ्तारनंतरच्या भरपेट जेवणाबरोबर ती बसवता येते. पाण्याशिवायचा कडक उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. एखाद्या दिवशी गोळी विसरली आणि पुढच्या गोळीला अजून अवकाश असेल तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही नाहीत.

भारतात सीएमएल पाश्चात्त्य देशांच्या मानानं बऱ्याच कमी वयात आढळतो. संसार नुकता मांडलेली, मूल हवं असलेली जोडपी ओपीडीत नेहमी भेटतात. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, इमॅटिनिब बाळाला इजा करू शकतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, गर्भारपणी हे औषध पोटात गेलेल्या ज्या 125 स्त्रियांची पुढची माहिती मिळाली, त्यांच्यापैकी निम्म्यांना निरोगी मूल झालं, तर 12 बाळांत दोष आढळले. म्हणून गोळी चालू असताना गर्भनिरोधन हवं, अंगावर पाजणं नको आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात कळवायला हवं. मूल होणारच नाही असा याचा अर्थ नाही. आजार खोलवर आटोक्यात आल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून मातृत्वाचं नियोजन करता येतं. पुरुष रुग्णांच्या अपत्यांबाबत आजवरचा अनुभव पुष्कळसा दिलासा देणारा आहे. हे प्रश्न सासरच्या माणसांसमोर विचारता येत नसतील तर सिस्टरना बाजूला घेऊन विचारा. त्यासाठी लागणारी वाक्यंसुद्धा पुस्तकात दिली आहेत.

‘गोळी आयुष्यभर घ्यायची का?’ याचं उत्तर आता सरसकट ‘हो’ असं राहिलेलं नाही. ज्यांच्यात निदान दोन वर्षं आजाराचा मागमूस पीसीआरमध्ये दिसला नव्हता, अशा 100 रुग्णांची गोळी फ्रान्समधल्या ‘स्टिम’ अभ्यासात थांबवली गेली. सुमारे 60 जणांत आजाराचे रेणू पुन्हा दिसले, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांत. गोळी परत सुरू केल्यावर जवळजवळ सगळे पुन्हा आटोक्यात आले. राहिलेले गोळीशिवाय ठीक राहिले. पण हे थांबवणं म्हणजे अनेक वर्षांच्या उपचारानंतर, डॉक्टरांनी ठरवून, सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करत केलेली गोष्ट आहे. गोळी संपली, एसटी चुकली, कंटाळा आला म्हणून झालेल्या खंडाशी तिचं काहीही नातं नाही.

आणखी एक सावधगिरी. या पुस्तकातले नियम इमॅटिनिबचे आहेत. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोळीही तशीच दिसेल, तिच्या नावाचा शेवटही ‘निब’ असाच असेल, पण नियम उलटे असू शकतात. निलोटिनिबच्या कॅप्सूल जेवणानंतर दोन तासांनी घेतात आणि घेतल्यावर तासभर काही खात नाहीत. अन्नाबरोबर घेतल्यास औषधाची रक्तातली पातळी वाढून हृदयाच्या लयीला धोका होतो. डॅसॅटिनिबसोबत पित्तावरच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या चालत नाहीत, आणि फुप्फुसाभोवती पाणी साठण्याकडे त्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. तुमची गोळी बदलली तर या पुस्तकातलं जेवणाचं पान फाडून टाका आणि नव्या गोळीचे नियम लिहून मागा.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. पहिल्या भागात गोळी सुरू होण्याआधीच्या तपासण्या आणि विचारायचे प्रश्न आहेत, दुसऱ्यात एकेक दुष्परिणाम, तिसऱ्यात इतर औषधं, आहार, उपवास, प्रवास. चौथा भाग कोरा आहे, म्हणजे तुम्ही भरायचा आहे. त्यात रोज गोळी घेतल्याची खूण, आठवड्याचं वजन, पीसीआरचे आकडे, गोळीचा ब्रँड आणि बॅच नंबर लिहायला जागा आहे. मेडिकलवाल्यानं ब्रँड बदलून दिला तर तीही तारीख नोंदवा आणि बिल जपून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. त्यांनाही कळू द्या की आजीची ही गोळी चॉकलेटच्या डब्याशेजारी ठेवायची नसते.

शेवटी एकच मागणं. पुढच्या ओपीडीला येताना रिपोर्टच्या फाइलसोबत हे पुस्तक आणा आणि डॉक्टरांनी मान वर करण्याआधी चौथ्या भागाचं पान त्यांच्यासमोर उघडा. चुकलेल्या गोळ्यांचे रकाने कोरे असतील तर ते लपवू नका, का चुकल्या ते सांगा. डॉक्टर घाईत असतील, कदाचित थोडे चिडतीलही. तरी सांगा, कारण त्या एका वाक्यावर पुढच्या तीन महिन्यांचा डोस ठरणार आहे.